पाठीच्या दिशेने

मैना ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला निदान उत्तर तरी देता येतं. ती ओरडली नाही. मुळ्यांनी, वाळूतून वेचलेल्या शिंपल्यांनी, भरलेली पाटी तिने डोक्यावरून तशीच सोडून दिली, ओल्या वाळूत मटकन बसली, दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले आणि बोटांच्या फटीतून एकदा पाहून जी उठून धावत सुटली ती थेट सुरूच्या झाडांत दिसेनाशी झाली. जानेवारीतली सकाळ होती, दोन हजार एक सालातली. भाट्याच्या किनाऱ्यावर त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं आणि पुलाच्या खांबांत धुकं अडकून राहिलं होतं. रझिया होडेकर जागच्या जागी उभी राहिली. अंगावर काळा बुरखा, चेहरा उघडा, पाय अनवाणी, चपला हातातल्या पिशवीत. तिने आधी आपल्या पाठीमागे पाहिलं, म्हणजे ज्या दिशेला ती चालली होती तिकडे पाहिलं, की आपल्याही मागून काही येतंय की काय. काही नव्हतं. मग तिने खाली वाळूत उमटलेली स्वतःची पावलं पाहिली आणि तिला उलगडा झाला. बाईचं तोंड इकडे आणि जाणं तिकडे. कोकणात लहानाचं मोठं झालेल्या माणसाला उलट्या पावलांची बाई कोण असते हे शिकवावं लागत नाही. रझियाला हसू आलं. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात लोकांनी तिला बरंच काही म्हटलं होतं, पण हडळ कोणी म्हटलं नव्हतं. मग सांडलेले मुळे एकेक उचलून पाटीत भरताना ते हसू हळूहळू ओसरलं आणि त्याच्या जागी एक बारीकशी चीड येऊन बसली, ती कोणावर ते तिलाही कळेना.

उलटं चालायला तिला गुडघ्याने लावलं होतं. पुण्याहून नव्याने आलेल्या एका फिजिओथेरपिस्टने, जो तिच्या विद्यार्थ्यांपेक्षा फार मोठा नसेल, तिचा गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाला, मॅडम, पुढे चालून चालून झिजवलात, आता थोडं मागे चाला. तिला वाटलं पोरगा चेष्टा करतोय. कारण कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या रझियाने नेमकं तेच तीन वर्षांपूर्वी गळ्यात घेतलं होतं. अठ्ठ्याण्णव साली तिने पीएचडीला नाव नोंदवलं तेव्हा विषय घेतला होता, मागे जाण्यासाठी इंग्रजीत जे जोडशब्द झाले त्यांचा इतिहास. मुंबईचे गाइड सर म्हणाले होते, विषय छोटा आहे, पण निरुपद्रवी आहे. स्टाफरूममध्ये मंडळी विचारत, काय मॅडम, कुठवर मागे आलात? ती म्हणे, अजून बाराव्या शतकात आहे, चहा घेऊन येते. तर गुडघा हे निमित्त झालं. पहिले काही दिवस पाठीला डोळे नाहीत याची तिला फार भीती वाटली. मान अवघडायची, खांदे वर यायचे, प्रत्येक पावलाला मागे काहीतरी टपून बसलंय असं वाटायचं. मग तळव्यांना समजायला लागलं. आधी बोटं टेकायची, मग चवडा, मग टाच, आणि टाच टेकली की जमीन आहे, असं दर वेळी नव्याने कळायचं. पुढे चालताना असं कधी कळलं नव्हतं, तेव्हा जमीन असणारच असं गृहीत धरलेलं होतं. आणि दिसायचं काय, तर जे सोडून आलो ते सगळं. खाडीपलीकडचा राजिवडा, मशिदीचा मिनार, नांगरलेल्या होड्यांच्या डोलकाठ्या, आपलं कौलारू घर जिथे असेल तो झाडांचा पुंजका. समोर तोंड करून गाव सोडणाऱ्याला गाव दिसत नाही. हिला रोज दिसत होतं, रोज थोडं थोडं लहान होताना. गुडघा महिन्याभरात बरा झाला. चालणं तिने सोडलं नाही, कारण ते तिला आवडायला लागलं होतं आणि स्वतःला आवडतं म्हणून करायच्या गोष्टी तिच्याकडे फार उरल्या नव्हत्या.

पुलाच्या टोकाशी धोंडूची चहाची टपरी होती. रझियाने पाटी तिथे नेऊन ठेवली. धोंडूने पाटी ओळखली आणि आवाज खाली घेतला.

"मॅडम, उद्यापासनं जरा उजाडल्यावर येवा. तकडं सुरूत बाई दिसली म्हनं. मैनान आपल्या डोळ्यांनी बघितलान. तोंड हिकडं आन पाय तिकडं."

"धोंडूभाऊ, ती मी होते."

धोंडू हसला. मग तिचा चेहरा पाहून त्याचं हसू थांबलं आणि तो बराच वेळ एकच ग्लास पुसत राहिला. "मंग आसं कशाला चालताव, मॅडम?"

तिने सांगितलं, गुडघा, डॉक्टर, वगैरे. धोंडूने मान हलवली, पण त्याला गुडघ्यात काही रस नव्हता. ती गप्प राहिली असती तर हडळ आठ दिवस भाट्यात दिसली असती, कोणीतरी नारळ ठेवला असता आणि प्रकरण मिटलं असतं. पण आपण केलेली गोष्ट दुसऱ्याच्या नावावर खपवायची, मग तो दुसरा भूत का असेना, हे रझियाला जमण्यासारखं नव्हतं. संध्याकाळपर्यंत पुलाच्या दोन्ही टोकांना माहीत झालं की राजिवड्याची कॉलेजातली मॅडम समुद्रावर उलटी चालते. हडळ असती तर लोक घाबरले असते. बाई निघाली म्हणून त्यांना राग आला. कोणी म्हणालं, एकटी राहिली की डोक्यावर परिणाम होतो. कोणी म्हणालं, फार शिकली. आणि दुसऱ्या दिवशी ती पुलावरून निघाली तेव्हा रोज सलाम करणाऱ्या दोघांनी मासळीच्या भावाचं निमित्त करून समुद्राकडे तोंडं फिरवली.

त्या दिवशी चालताना तिच्या मनात तिचे शब्द एकामागून एक येत राहिले. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजाला मागे जायचं असलं की तो सरळ 'इअर्सलिंग' म्हणायचा. त्यातला पहिला तुकडा म्हणजे ढुंगण. दुसरा तुकडा नुसता दिशा दाखवतो, त्याचा मराठीतल्या लिंग या शब्दाशी काही संबंध नाही, हे तिला स्टाफरूममध्ये एकदा समजावून सांगावं लागलं होतं. ढुंगणाच्या दिशेने, बस. त्यात शिवी नव्हती की लाज नव्हती. मठातल्या साधूंनी स्तोत्रं भाषांतरित करताना शत्रू मागे हटोत असं म्हणायला हाच शब्द घातला आणि लिहिताना कोणाचा हात थरथरला नाही. पुढे लोकांना जरा सभ्य व्हावंसं वाटलं, त्यांनी ढुंगण सोडून पाठ घेतली आणि 'बॅकवर्ड' झाला. तीही बिचारी दिशाच होती, डावी असते उजवी असते तशी. मग सोळाव्या शतकात प्रवचन करणाऱ्यांच्या ती हाती लागली. त्यांनी 'बॅकस्लाइड' काढला, घसरून पुन्हा पापात पडणं. आणखी शंभर वर्षांनी धड्यात मागे राहणाऱ्या पोराला बॅकवर्ड म्हणायला लागले, मग देशच्या देश बॅकवर्ड झाले. रझियाला इथे दर वेळी संताप यायचा. पाठीकडे जाणं हा गुन्हा कधी झाला? कोणी ठरवलं? तिचे अब्बा मालवाहू जहाजांवर सारंग होते, खलाशांचे मुकादम. ते सुट्टीवर आले की अंगणात बसून सांगायचे, जहाज फुडं न्यायला कोनी पन नेईल, अस्टर्न, म्हंजे मागं, घ्यायला अक्कल लागते. आणि लहानपणी भागोजीच्या शेतात ती लावणी बघायला जायची, तिथे चिखलात वाकलेल्या सगळ्या बाया मागे मागे सरत रोपं लावायच्या. पुढे सरत लावली तर आपण लावलेलंच आपण तुडवणार, एवढी साधी गोष्ट. त्या बाया शेताच्या बांधाला पाठ टेकली की उभ्या राहायच्या आणि समोर सगळं हिरवं झालेलं असायचं. त्यांना कोणी हडळ म्हटलं नाही. कारण त्या कोणाच्या तरी कामासाठी मागे जात होत्या. आपण आपल्यासाठी जातोय, हे लोकांना खुपतंय, असं तिला वाटलं आणि तिने मुद्दाम आणखी सावकाश, आणखी लांब पावलं टाकली.

तिचा भाऊ युसुफ तिच्याहून चार वर्षांनी लहान. कुवेतहून नव्वद साली नुसत्या अंगावरच्या कपड्यांनिशी परत आलेला, नंतर हार्डवेअरचं दुकान टाकून सावरलेला, आता जमातीच्या कमिटीवर. अब्बांच्या घरात खाली त्याचा संसार आणि माडीवर रझिया. माणूस वाईट नव्हता. पण लोकांच्या नजरेचा त्याला फार धाक होता. तो माडीवर आला तेव्हा ती पेपर तपासत होती.

"आपा, ह्या मी काय आयकतंय? तू समुद्रावर उलटी चालतेस?"

"चालतंय."

"मग घरात चाल ना. अंगनात चाल."

"अंगणात चार पावलांत विहीर लागते, युसुफ."

तो हसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "नाट्याला कळलाय," तो म्हणाला. रझियाने पेन खाली ठेवलं. नाट्याला म्हणजे नाटे गावात, रेहानच्या घरी. युसुफची मुलगी उमैमा, वीस वर्षांची, आणि नाट्याचा रेहान, जहाजावर इंजिनियर. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, मग घरच्यांनी ती आपलीच निवड असल्यासारखी जाहीर केली होती, आणि निकाह महिन्यावर आला होता. रेहानच्या मामूने फोनवर विचारलं होतं की मुलीच्या फुपीच्या, म्हणजे आत्याच्या, डोक्यात काही फरक झाला आहे काय, आणि हे घराण्यात चालत आलेलं आहे काय. युसुफ हे सांगताना जमिनीकडे बघत होता. रझियाला त्याची कीव आली आणि ती कीव आल्याचा रागही आला. ती म्हणाली, त्यांना सांग, घराण्यात गुडघेदुखी आहे.

पण उमैमा आली तेव्हा असली उत्तरं सुचली नाहीत. उमैमाला रझियाने मांडीवर घेऊन अलिफ-बे शिकवलं होतं, क-ख शिकवलं होतं आणि ए-बी-सी शिकवलं होतं. पोरीचे केस विंचरण्यापासून ताप उतरेपर्यंत बसण्यापर्यंत सगळं तिने केलं होतं आणि आपल्याला मूल नाही ही गोष्ट तिला वर्षानुवर्षं आठवायचीसुद्धा नाही ती या पोरीमुळे. उमैमा पलंगाच्या कडेवर बसली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"फुपी, एकच महिना थांब. निकाह झाला की खुशाल चाल. मी स्वतः येईन बघायला."

एकच महिना. रझिया खिडकीपाशी गेली. मागणं अगदी लहान होतं, रास्त होतं, प्रेमाने केलेलं होतं, आणि म्हणूनच तिला त्याची भीती वाटली. कारण तिने ते आधी ऐकलं होतं. ती नववीत होती तेव्हा अब्बांनी तिला सायकल आणून दिली होती, हिरवी, लेडीज, पुढे वेताची टोपली असलेली. राजिवड्यातून शाळेपर्यंत सायकलवर जाणारी ती एकटी मुलगी. चढावर उतरून ढकलत न्यायची आणि उतारावर पायडल उलटे फिरवायची, नुसता टिक टिक टिक आवाज व्हायचा आणि सायकल आपली पळत राहायची. खूप वर्षांनी 'बॅकपेडल' शब्द धुंडाळताना तिला कळलं की एकेकाळच्या सायकलींना चाक आणि पायडल जखडलेले असायचे, पायडल मागे दाबला की गाडी खरंच थांबायची, आणि त्यावरून आपलं बोलणं गिळून मागे सरण्याला तो शब्द पडला. ते वाचून वाचनालयात तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिच्या सायकलीला तसा ब्रेक नव्हता. ती दुसऱ्यांनी थांबवली. जुलेखा आपाचं, थोरल्या बहिणीचं, लग्न ठरत होतं. आई म्हणाली, एकच महिना सायकल राहू दे गो, पावने काय म्हनतील. तिने राहू दिली. जुलेखा आपा सासरी गेली, मग पाऊस लागला, मग सायकल युसुफच्या उंचीची झाली, मग युसुफची झाली. कोणी कधी तिला नाही म्हटलं नाही. नुसतं थांब म्हटलं. मग मुंबईला एम.ए.ला जायचं होतं, तेव्हा अब्बा जहाजावरून येईपर्यंत थांब. मग तिला सांगून आलेल्या एका शिक्षकाला ती पसंत होती आणि तिलाही तो, तेव्हा आईचं दुखणं निपटेपर्यंत थांब. आईचं दुखणं सहा वर्षं चाललं. तो शिक्षक थांबला नाही आणि तिने त्याला दोषही दिला नाही. या सगळ्यात वाईट असं कोणीच नव्हतं. प्रत्येकाने तिच्याकडून थोडंसंच मागितलं होतं आणि प्रत्येक वेळी तिने पायडल मागे दाबला होता.

"नाही थांबणार, बाय," ती म्हणाली.

उमैमाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "एका महिन्यासाठी?"

"एका महिन्यासाठी थांबणं म्हणजे किती, ते मला माहीत आहे. तुला अजून माहीत नाही."

"तुला तुझा हट्ट आहे फुपी. मला रेहान आहे." उमैमाने ओढणीचं टोक सोडलं. "त्यांनी मोडलं तर?"

रझिया म्हणाली, मोडलं तर तो माझा दोष असेल आणि तू मला माफ करू नकोस. पण उद्या मी जाणार. उमैमा उठली, दार न आपटता, अगदी अलगद लावून खाली गेली. आपटलं असतं तर रझियाला सोपं गेलं असतं. त्यानंतर कित्येक दिवस पोरगी तिच्याशी बोलली नाही. सकाळी किनाऱ्यावर रझियाचे पाय जड व्हायचे. स्वतःला विचारायची, हे कशासाठी? वाळूवरच्या चार पावलांसाठी पोरीचं सुख पणाला लावतेस? तू आता म्हातारी आणि आडमुठी होत चालली आहेस, दुसरं काही नाही. मग टाच टेकायची, जमीन असायची, आणि तिला आतून पुन्हा तेच उत्तर यायचं, की आता थांबले तर पुन्हा निघणार नाही. एवढंच तिला नक्की ठाऊक होतं. भीती वाटत होती, पण थांबावंसं वाटत नव्हतं.

नाट्याची माणसं आली ती एका गुरुवारी दुपारी. रेहानची दादी आणि मामू. युसुफने त्यांना सांगून ठेवलं होतं की आपाला कॉलेजात जादा तास आहे, आणि आपालाही सांगितलं होतं की तुला आज जादा तास आहे. रझिया तास आटोपून वेळेवर घरी आली, चपला दारात काढल्या आणि बैठकीत जाऊन बसली. सांदणांची बशी फिरत होती ती तिच्यापाशी येऊन थांबली. दादी पिकलेल्या केसांची, ताठ कण्याची, जन्मभर होड्यांवर गेलेल्या पुरुषांची घरं एकटीने चालवलेली बाई होती. तिने वळसे घेतले नाहीत.

"ती चालनारी तूच काय गो?"

"मीच."

"कशाला चालतेस?"

"गुडघ्यासाठी सुरू केलं होतं. आता आवडतं म्हणून चालतंय."

"लगनाच्या घरात आसा बरा दिसत नाय. बंद कर."

"नाही करणार, दादी."

बैठकीत कोणाच्या तरी हातातली बशी वाजली. मामूने विचारलं की चालणं एवढं महत्त्वाचं आहे काय. रझिया म्हणाली, "चालणं नाही. पण मी माझ्या पायांनी कुठल्या दिशेला जायचं, ते दुसऱ्याने ठरवायचं नाही. पोरगी तुमच्या घरी येणार आहे, मी नाही. ती सरळ चालते. तिला माझ्यावरून मोजू नका." हे बोलताना तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. पडद्याआड बांगड्या किणकिणल्या, उमैमा तिथे उभी होती. दादीने रझियाकडे खूप वेळ पाहिलं, तिच्या पायांकडेही पाहिलं आणि सांदणाचा तुकडा तोंडात टाकला. त्या दिवशी कोणी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

निरोप मामूच्या फोनने आला. नातं राहील. पण निकाहच्या दिवशी ती बाई मंडपात नको, नजरेला नको. युसुफने हे माडीवर येऊन सांगितलं आणि सांगून झाल्यावरही तो तिथेच घुटमळला. तिने ओरडावं, भांडावं, अशी त्याची अपेक्षा असावी. रझिया म्हणाली, ठीक आहे, नाही येत. चालायचं सोडत नाही आणि मंडपात येत नाही. त्यांना सांग, सौदा पक्का. तो गेल्यावर तिने दाराला कडी घातली आणि मनसोक्त रडून घेतलं. उमैमाच्या जन्माच्या आधीपासून तिने पोरीच्या लग्नाचा विचार केला होता, असं म्हटलं तर लोक हसतील, पण तसंच होतं. मेंदीच्या दिवशी दुपारी उमैमा वर आली. दोन्ही हात ओल्या मेंदीचे, पंजे हवेत धरलेले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच बोलली.

"तू त्यांचं ऐकलंस?"

"तेवढंच ऐकलं."

"मी तुला एक महिना मागितला होता. हे नव्हतं मागितलं."

"माहीत आहे गो."

पोरीने कोपराने दार ढकललं आणि जिना उतरून गेली.

निकाहच्या दिवशी घरात देगची तापायला लागली तशी रझिया निघाली. इतर दिवशी ती पहाटे जायची, आज ऊन चढलं होतं, पण घरात बसून खालचे आवाज ऐकण्यापेक्षा हे बरं होतं. ओहोटी होती. वरची वाळू भाजत होती, पाण्यालगतची थंड होती. तिने खाडीच्या तोंडाकडे पाठ केली नाही. तोंड केलं आणि मागे निघाली. पलीकडे राजिवडा उन्हात स्वच्छ दिसत होता. लाउडस्पीकरचा आवाज पाण्यावरून तुटक तुटक येत होता. तिने मनातल्या मनात वेळ लावला. आता पाहुणे बसले असतील. आता मुलीच्या वतीने संमती घेणारा वकील आणि दोन गवाह, म्हणजे साक्षीदार, बायकांत जातील, उमैमाला विचारतील, कबूल आहे काय. या विचारण्याला उत्तर द्यावं लागत नाही. कुमारी मुलगी गप्प राहिली तरी ते कबूलच धरतात, जुलेखा आपाने मान खाली घालून नुसता हुंदका दिला होता आणि सगळ्या जणी म्हणाल्या होत्या, झाला, कबूल झाला. त्या एका क्षणी आपण पोरीच्या बाजूला असायला हवं होतं. तरी तिने चालणं थांबवलं नाही. जे सोडून चाललोय त्याच्याकडे तोंड करून जाणं, हे इंग्रजांच्या एकाही शब्दात नीट आलेलं नाही, असं तिला वाटलं. ते सगळे पाठीवरून शब्द करत बसले. तोंड कुठे असतं हे कोणी विचारलं नाही. हे आपल्या शेवटच्या प्रकरणात लिहायचं, गाइड सरांना निरुपद्रवी वाटलं नाही तरी लिहायचं, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

पुलाच्या टोकाशी एक स्कूटर थांबली. त्यावरून एक माणूस उतरला आणि वाळूत शिरला. शेरवानी, टोपी, पायांत चमकणारे बूट. वाळूत बूट रुतले तसे त्याने ते काढून हातात घेतले. रझियाने युसुफला ओळखलं, पण ती थांबली नाही आणि वळलीही नाही. तो तिच्याकडे येत होता, ती मागे जात होती, दोघांची तोंडं समोरासमोर, आणि मधलं अंतर काही केल्या लवकर कमी होईना. शेवटी त्याला धावावं लागलं. जवळ आला तेव्हा धापा टाकत होता.

"आपा, चल."

"काय झालं?"

"वकील आत गेला, गवाह गेले. विचारलान. पोरगी गप्प. बायका बोलल्या, झाला कबूल." त्याने बाहीने घाम पुसला. "तवर पोरगी बोलली. सगळ्यांनी आयकला. बोलली, माझ्या गप्प राहन्याला कबूल म्हनू नका. माझी फुपी आना, मग परत विचारा."

रझियाचे पाय पहिल्यांदा चुकले. टाच वेडीवाकडी पडली, तिने तोल सावरला. "मोठ्याने बोलली?"

"काजीपर्यंत गेला आवाज."

"आणि रेहानची दादी?"

"काय नाय बोलली. पानाचा डबा काढलान आन बसून रायली."

"आणि तू? तू काय म्हणालास?"

युसुफ हातातल्या बुटांकडे बघत राहिला. "मी स्कूटर काढली," तो म्हणाला.

रझियाला हसू फुटलं आणि डोळे वाहायला लागले, दोन्ही एकदम. तिने ते पुसले नाहीत. किनाऱ्याच्या दक्षिणेचे खडक अजून लांब होते. रोज ती तिथवर जायची, आज तर जायचंच होतं. तिने पावलं चालू ठेवली. युसुफ तिच्यासमोर सरळ चालत राहिला, नव्या सलवारीचे पायचे ओले होत होते तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. दोघं भावंडं इतका वेळ एकमेकांच्या तोंडाकडे बघत कितीतरी वर्षांत चालली नव्हती.

"आपा, मंडपात सगळी मानसा ताटकळली हायत."

"ताटकळू देत. खडकापर्यंत जातंय, मग येतंय."

थोडी पावलं गेली. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली, आणि तो हलकेच म्हणाला, "जरा डावीकडं घे, आपा. मागं दगड हाय."